गढूळ तलावातील स्कूबा डायव्हिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतातून आलेले पाहुणे शनिवारी सकाळी मला गाडीच्या डिकीत हवेचे सिलिंडर चढवताना पाहतात आणि हमखास विचारतात, "अहो, इथे कुठे आला समुद्र?" इंग्लंडच्या मिडलंड्स भागात समुद्र नाहीच. येथे तलाव आहेत. त्यांचे पाणी हिरवट, गार आणि बहुतेक वेळा गढूळ असते. तारकर्लीला किंवा अंदमानला एकदा बुडी मारून आलेल्या माणसाला हा प्रकार चमत्कारिक वाटावा, हे स्वाभाविक आहे. तेच ते प्रश्न इतक्या वेळा विचारले गेले, की त्यांची उत्तरे अखेर लिहून काढणे सोयीचे वाटले.

जेथे दोन हातांपलीकडचे दिसत नाही, तेथे बुडी मारण्यात कसला आनंद?

आधी एक गोष्ट कबूल करावयास हवी. गढूळ तलावाचे पाणी सुंदर नसते आणि तेथे काढलेली छायाचित्रे पाहून कोणीही हेवा करीत नाही. येथील आनंद निराळ्या जातीचा आहे. नितळ समुद्रात नजर शरीराच्या फार पुढे धावते. पाण्यात उतरल्याच्या पहिल्याच मिनिटात पुढच्या दहा मिनिटांत काय येणार आहे, ते दिसून जाते. गढूळ पाण्यात प्रत्येक वस्तू अगदी जवळ आल्यावर, काहीही वर्दी न देता समोर येते, त्यामुळे तिच्याकडे नीट पाहिल्याखेरीज गत्यंतर नसते.

एकदा पाण्याने भरलेल्या एका जुन्या दगडखाणीच्या कातळभिंतीला समांतर जात असताना माझ्यासमोरचा हिरवा रंग एका ठिकाणी किंचित गडद झाल्यासारखा वाटला. मी थांबलो. त्या गडदपणाला हळूहळू एक लांबट आकार आला, मग बदकाच्या चोचीसारखे चपटे तोंड दिसले, आणि शेवटी एक डोळा दिसला, जो बहुधा बराच वेळ माझ्याकडेच पाहत होता. तो पाईक जातीचा मासा होता. लांबीला माझ्या हाताएवढा आणि अंतरही तेवढेच. त्याचे फक्त छातीजवळचे पर हलत होते. आम्ही दोघे साधारण मिनिटभर तसेच अधांतरी राहिलो आणि मग शेपटीच्या एका फटक्यासरशी तो नाहीसा झाला. मागे उरली ती गाळाची एक लहानशी गिरकी. नितळ पाण्यात हाच मासा मला वीस मीटरवरून दिसला असता, मी त्याला दिसलो असतो, आणि तो केव्हाच निघून गेला असता.

दुसरे कारण अधिक जुने आहे. गावाकडे विहिरीत कळशी पडली की ती गळ टाकून काढावी लागे; गळाला ती लागली नाही तर एखादा पट्टीचा पोहणारा बुडी मारून तळाचा चिखल चाचपत असे. काठावर उभे राहून आम्ही मुले बुडबुडे मोजत असू. वर आल्यावर त्याच्या मुठीत कधी कळशीचा काठ असे, कधी नुसताच चिखल. खाली काय आहे हे वरून दिसत नाही आणि ते कळण्यासाठी खाली जाण्यावाचून उपाय नाही, ही ओढ मला वाटते तेथूनच लागली असावी.

गढूळ म्हणजे नेमके किती गढूळ?

डायव्हर मंडळी 'व्हिज', म्हणजे पाण्यातली दृश्यमानता, मीटरमध्ये सांगतात. "आज व्हिज चार आहे" म्हणजे चार मीटरवरचा जोडीदार ओळखू येतो. इंग्लंडमधील तलावांत दोन ते सहा मीटर हे नेहमीचे प्रमाण म्हणता येईल. आठ-दहा मीटर मिळाले तर लोक घरी जाऊन फोन करून सांगतात आणि अर्ध्या मीटरवर आले तर बहुतेक जण चहा पिऊन परततात.

पाण्याची पारदर्शकता मोजण्याची एक साधी रीत सुमारे दीडशे वर्षांपासून चालत आली आहे. अँजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञ धर्मगुरूने १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात, याची नोंद केली. तलावांसाठी आज वीस सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची तबकडी वापरतात. दोरीला बांधून ती खाली सोडावयाची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजावयाची, इतकेच.

गढूळपणाचेही प्रकार आहेत. गाळ उठल्याने आलेला गढूळपणा पावसाळ्यातल्या नदीसारखा असतो. तो थोपवता येत नाही, पण थांबले तर निवळतो. शैवालामुळे आलेला गढूळपणा हिरवा असतो आणि तो निवळण्यासाठी ऋतू बदलावा लागतो. तिसरा प्रकार स्कॉटलंडमध्ये आढळतो. तेथील दलदलीतील पीट नावाच्या कुजलेल्या वनस्पतींच्या थरांतून वाहून आलेले पाणी कोऱ्या चहासारखे असते. त्यात तरंगणारे कण फारसे नसतात, पण रंगच इतका गडद असतो की थोड्याच खोलीवर रात्र होते. समुद्रात लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो आणि निळा सर्वांत खोल पोहोचतो. या तपकिरी पाण्यात मात्र निळा आधी गिळला जातो आणि टिकतो तो तांबूस उजेड. त्यात उतरताना मला दरवेळी काचेच्या ग्लासातल्या चहात बुडत असल्याचा भास होतो.

हे तलाव नैसर्गिक आहेत का?

आम्ही ज्यांत उतरतो त्यांपैकी बरेचसे नाहीत. त्या सोडून दिलेल्या दगडखाणी आहेत. खाण चालू असताना झऱ्यांचे पाणी सतत पंपाने उपसावे लागते; काम संपले आणि पंप बंद केले की खाण आपोआप भरते. लेस्टरशरमधील स्टोनी स्टँटन गावाजवळची स्टोनी कोव्ह ही अशीच खाण. तेथील दगड काढण्याचे काम १९५८ मध्ये थांबले, झऱ्यांच्या पाण्याने ती भरली, आणि काही वर्षांतच पाणबुड्यांनी ती शोधून काढली. पुढे उत्तर समुद्रातील तेलविहिरींवर काम करणारे व्यावसायिक पाणबुडेही तेथे तयार झाले. खाणकामगारांनी दगड पायऱ्या-पायऱ्यांनी काढल्यामुळे तिची रचना शिकणाऱ्यांच्या सोयीची झाली आहे. सुमारे सात मीटरवर एक टप्पा, बावीस मीटरच्या आसपास दुसरा, आणि त्याखाली पस्तीस-छत्तीस मीटरपर्यंत जाणारा खड्डा. ज्याचा जितका अनुभव, त्याने तितक्या पायऱ्या उतराव्यात.

समुद्र इतका जवळ असलेल्या देशात तलावात कशासाठी जायचे?

नकाशावर ब्रिटन चहूबाजूंनी समुद्राने वेढलेले दिसते हे खरे. परंतु मिडलंड्समधून कोणताही किनारा गाठण्यास दोन-तीन तास लागतात. तेथे पोहोचल्यावर वारा सुटलेला असला की बोट निघत नाही आणि भरती-ओहोटीचा प्रवाह कोणासाठी थांबत नाही. खाणीत ना लाट, ना प्रवाह, ना बोटीचे भाडे. सकाळी आठला पाण्यात आणि दुपारी घरी जेवायला, हे समुद्रात जमत नाही.

खाली पाहण्यासारखे असते तरी काय?

पाईकचा उल्लेख वर आलाच आहे. अंगावर काळे पट्टे आणि पोटाखाली लाल पर असलेले पर्च मासे टॉर्चच्या उजेडात आणि डायव्हरने उठवलेल्या गाळात खाणे शोधत पाठोपाठ येतात. शाळेबाहेरच्या चिंचा-बोरांच्या गाडीभोवती मुले जमावीत, तसे ते जमतात. दगडांच्या फटींत सिग्नल क्रेफिश, म्हणजे लॉबस्टरसारखे दिसणारे गोड्या पाण्यातले लहान प्राणी असतात. ही मूळची उत्तर अमेरिकेतली जात १९७० च्या दशकात खाद्य म्हणून ब्रिटनमध्ये आणली गेली, तळ्यांमधून निसटली आणि तिने येथील स्थानिक क्रेफिशची पार वाताहत केली. त्यांच्या नांग्यांची खालची बाजू लालभडक असते आणि टॉर्च मारला की ते मागच्या मागे सरकत नांग्या उगारतात.

गोड्या पाण्यात जेलीफिश असते, यावर बहुतेकांचा विश्वास बसत नाही. क्रॅस्पेडाकुस्टा नावाची नाण्याएवढी पारदर्शक जेलीफिश १८८० मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील कमळांच्या टाकीत प्रथम सापडली. तिचे मूळ मात्र चीनमधले. अमेरिकेतील पाण्याने भरलेल्या खाणींत उन्हाळ्याच्या शेवटी ती कधीकधी शेकड्यांनी दिसते. मला ती आजवर दिसलेली नाही. येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. सह्याद्रीतही गोड्या पाण्यातील जेलीफिश आहे आणि तिच्या शोधाशी जे नाव जोडलेले आहे ते शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे, ज्यांच्या नावाने पुण्यातील आघारकर संशोधन संस्था ओळखली जाते. त्या जातकुळीची जेलीफिश तोपर्यंत केवळ आफ्रिकेत असल्याचे मानले जात होते. १९१२ मध्ये हा शोध 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आघारकरांचा जन्म मालवणचा. आज ज्या मालवणात पर्यटक समुद्रातील मासे पाहण्यासाठी रांगा लावतात, तेथल्या माणसाने गोड्या पाण्यात डोकावून काय शोधले, हे त्या रांगेतल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल.

जिवंत वस्तूंखेरीज मुद्दाम बुडवलेल्या वस्तू असतात. स्टोनी कोव्हमध्ये १९१० साली बांधलेली स्टेनगार्थ नावाची टग, म्हणजे मोठी जहाजे ओढणारी बोट आहे. तिला २००० साली तेथे तळाशी बसवण्यात आले. पूर्ण बोट एका नजरेत कधीच दिसत नाही. आधी लोखंडाची एक कड हाताला लागते, तिच्या कडेकडेने गेले की कठडा येतो, मग केबिनचा दरवाजा येतो, आणि चार-पाच फेऱ्यांनंतर संबंध बोट डोक्यात जुळते. आंधळ्यांनी हत्ती पाहिल्याची गोष्ट आपण लहानपणी हसण्यासाठी ऐकली. येथे तीच रीत उपयोगाची ठरते.

गोड्या पाण्यात बुडालेल्या वस्तू जास्त टिकतात, असे म्हणतात. खरे आहे का?

लाकडापुरते पूर्णतः खरे आहे. समुद्रात जहाजाचे लाकूड पोखरणारा टेरेडो हा किड्यासारखा दिसणारा, पण शिंपल्यांच्या जातकुळीतला प्राणी गोड्या पाण्यात जगत नाही, शिवाय थंडीमुळे कुजण्याची क्रिया मंदावते. म्हणून उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत एकोणिसाव्या शतकातील शिडांची जहाजे डोलकाठ्यांसह उभी आढळतात. धातूही खाऱ्या पाण्यातल्यापेक्षा सावकाश झिजतो. ३१ डिसेंबर १९४० रोजी स्कॉटलंडच्या लॉक नेसमध्ये उतरावे लागलेले वेलिंग्टन बॉम्बफेकी विमान १९८५ मध्ये वर काढले गेले आणि आज ते सरे परगण्यातील ब्रुकलँड्स संग्रहालयात आहे. तेथील दंतकथेतल्या राक्षसाच्या शोधात तो तलाव धुंडाळणाऱ्यांना राक्षस मिळाला नाही, विमान मिळाले.

पाणी किती गार असते?

फेब्रुवारी-मार्चमध्ये चार ते सहा अंश. ऑगस्टमध्ये पृष्ठभागावर अठरा-वीस अंशांपर्यंत जाते, परंतु तो उबदारपणा वरच्या थरापुरताच असतो. हलके, तापलेले पाणी वर आणि जड, थंड पाणी खाली असे दोन थर उन्हाळ्यात वेगळे होतात आणि त्यांच्या मधल्या सीमेला थर्मोक्लाइन म्हणतात. ती सीमा इतकी रेखीव असते, की हात खाली सोडला तर बोटे थंडीत आणि मनगट उबेत, असे खरोखर होते. गरम आणि गार पाणी मिसळते तेथे, उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरावी तसे पाणी थरथरताना दिसते. पुष्कळदा शैवाल वरच्या थरातच अडकलेले असते, त्यामुळे सीमा ओलांडताच वरचे हिरवे छत मागे राहते आणि खाली अंधारे पण स्वच्छ पाणी लागते. गढूळ तलावाने दिलेली ही सर्वांत मोठी बक्षिसी, असे माझे मत आहे.

गोड्या पाण्याची घनता चार अंशांच्या आसपास सर्वाधिक असते. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत पृष्ठभाग गोठला तरी तळाशी चार अंश टिकून राहतात. शरद ऋतूत वरचे पाणी थंड होऊन खाली बसू लागते आणि संपूर्ण तलाव ढवळला जातो. त्या काही आठवड्यांत जाण्यात अर्थ नसतो. उलट जानेवारीत शैवाल मेलेले असते, शिकाऊ मंडळी घरी असतात आणि पाणी वर्षातले सर्वांत स्वच्छ असते. ज्याला बोटे बधिर झालेली चालतात, त्याने तेव्हा जावे.

पोशाखाविषयी थोडक्यात सांगायचे तर उन्हाळ्यात सात मिलिमीटर जाडीचा रबरी वेटसूट, टोपी आणि हातमोजे यांवर भागते. एरवी ड्रायसूट हवा, म्हणजे आत पाणी न शिरणारा सूट आणि त्याखाली गोधडीसारखा जाड कपडा. ड्रायसूट वापरण्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागते, कारण त्यातली हवा पायाकडे गेली तर माणूस उलटा होऊन वर जाऊ लागतो.

पाण्याखाली राहण्यासाठी समुद्रात कमरेला बांधतो तेवढेच शिशाचे वजन येथे लागते का?

नाही, कमी लागते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. समजा, आपण सर्व सामानासह ११० लिटर पाणी बाजूला सारता. तर समुद्र आपल्याला सुमारे ११२.७५ किलोंच्या बळाने वर ढकलतो आणि तलाव ११० किलोंच्या. हा पावणेतीन किलोंचा फरक कमरेच्या पट्ट्यातून कमी करावा. तो न करणारा माणूस तळाला जाऊन बसतो, आणि गढूळ तलावात तळाला बसण्याइतका मोठा सामाजिक अपराध नाही.

तो अपराध का? गाळ उठला तर एवढे काय बिघडते?

खाणीच्या तळाशी पिठासारखा बारीक गाळ साचलेला असतो. पायाचा एक फटका बसला की त्याचा ढग उठतो, आणि प्रवाह नसल्यामुळे तो तेथेच घुटमळतो. मागून येणाऱ्या चौघांची डाइव्ह तेथेच संपते. शनिवारी दुपारी नवशिक्यांचे तीन-चार वर्ग एका टप्प्यावर गुडघे टेकून बसले की तुरटी फिरवण्यापूर्वीच्या हंड्यासारखी सगळी खाण होते. म्हणून आम्ही सकाळी लवकर जातो.

पाय वर-खाली न आपटता बेडकासारखे बाजूला झाडण्याची पद्धत येथे शिकावी लागते. शरीर आडवे, गुडघे वाकवलेले, टाचा वर, आणि तळापासून हातभर अंतर केवळ श्वासावर राखलेले; श्वास घेतला की चार बोटे वर, सोडला की चार बोटे खाली. मला हे जमायला दोन वर्षे लागली. ज्या दिवशी मागे वळून पाहिले आणि माझ्या मागचे पाणी समोरच्या पाण्याइतकेच स्वच्छ दिसले, तो दिवस मला पहिल्या डाइव्हपेक्षा अधिक लक्षात आहे.

जोडीदार दिसेनासा झाला तर काय करावे?

जगभर शिकवला जाणारा नियम सोपा आहे. जास्तीत जास्त एक मिनिट जागच्या जागी शोधावे, चारी दिशांना टॉर्च फिरवावा, आणि न सापडल्यास सावकाश वर यावे. दोघांनीही हाच नियम पाळला तर भेट पृष्ठभागावर होते. तो मोडण्याचा मोह मात्र जबरदस्त असतो. एका खाणीत माझ्याकडून तो मोडला गेला. "तो इथेच कुठेतरी असणार" असे म्हणत मी पाच मिनिटे चकरा मारल्या, दिशा हरवून बसलो आणि वर आलो तो भलत्याच काठाला. जोडीदार मधोमध तरंगत होता आणि मदतीसाठी हाक मारण्याच्या बेतात होता. काठावर आल्यावर तो मला एक शब्दही बोलला नाही. त्याने फक्त दोन कप चहा आणला आणि स्वतःच्या खिशातून दीड मीटरची दोरी काढून टेबलावर ठेवली. तेव्हापासून व्हिज दोन मीटरखाली असेल तर आम्ही दोरीची दोन टोके धरून जातो.

खुणाही टॉर्चने करतात. जोडीदारासमोर उजेडाचे वर्तुळ काढले तर "ठीक आहे", आणि उजेड वेगाने आडवा हलवला तर "अडचण आहे". जोडीदाराच्या डोळ्यांत टॉर्च मारणे हा गैरसमजांचा आणि भांडणांचा उगम आहे. होकायंत्र वापरता आले पाहिजे. गढूळ पाण्यात सरळ रेषेत जात असल्याची आपली खात्री बहुतेक वेळा खोटी असते.

यात जिवाला धोका आहे का?

आहे, आणि तो लपवून हा छंद कोणाच्या गळ्यात मारू नये. मासे किंवा तथाकथित भुते कोणाचे काही बिघडवत नाहीत. महाराष्ट्रात प्रत्येक डोहाला साती आसरांचा धाक असतो. तळ न दिसणाऱ्या पाण्यापासून मुलांना दूर ठेवण्याचा तो शहाणा उपाय असावा. खरा धोका थंडी, खोली आणि घाबरगुंडी एकत्र येण्यात आहे.

थंड पाण्यात रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधील हवा श्वासाजोगी करून तोंडाशी देणारे उपकरण, गोठू शकतो. सिलिंडरमधील दाबाखालची हवा प्रसरण पावताना अतिशय थंड होते, आधीच चार-पाच अंशांवर असलेल्या पाण्याचे बर्फकण झडपेत अडकतात, झडप उघडीच राहते आणि हवा धो धो वाहू लागते. भरलेले सिलिंडर काही मिनिटांत रिकामे होऊ शकते. म्हणून दहा अंशांखालच्या पाण्यासाठी तयार केलेलाच रेग्युलेटर घ्यावा, पृष्ठभागावर त्यातून उगाच श्वास घेत बसू नये आणि पर्यायी हवा कोठून मिळणार हे उतरण्यापूर्वी ठरवावे.

खोलीच्या मोहाविषयी एक उदाहरण पुरेसे आहे. लेक डिस्ट्रिक्टमधील वॉस्ट वॉटर या इंग्लंडमधल्या सर्वांत खोल सरोवराच्या तळाशी कोणी तरी गमतीने बागेत ठेवायचे बुटक्यांचे पुतळे नेऊन ठेवले, त्यांना कुंपणही घातले. ही बाग पाहण्यासाठी डायव्हर सुमारे अठ्ठेचाळीस मीटर खोल जाऊ लागले. १९९० च्या दशकात तेथे तिघांचा मृत्यू झाल्यावर पोलिसांच्या पाणबुड्यांनी ती बाग हलवली. त्यानंतर अशी वदंता पसरली की पोलिसांना पन्नास मीटरखाली जाण्याची परवानगी नसल्यामुळे नवी बाग त्याहून खोल लावली आहे. खरी असो वा खोटी, ती पाहायला कोणी जाऊ नये.

अशा पाण्याने आजार होत नाहीत का?

कानाच्या नळीला होणारा संसर्ग ही सर्वांत सामान्य तक्रार आहे. डाइव्हनंतर कान गोड्या, स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करावेत. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस मुंबईकरांना पावसाळ्यामुळे ठाऊक आहेच. येथेही तो दुर्मीळ असला तरी आहे. हातापायावरच्या जखमा झाकाव्यात आणि त्यानंतर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना तलावाचा उल्लेख आवर्जून करावा. पृष्ठभागावर रंग सांडल्यासारखी निळसर-हिरवी साय दिसली, तर तो निळ्या-हिरव्या शैवालाचा थर असू शकतो. अशा दिवशी पाण्यात उतरू नये आणि कुत्र्यालाही उतरू देऊ नये.

मी तारकर्लीला डाइव्ह केले आहे. तेवढ्यावर येथे उतरता येईल का?

पर्यटकांसाठी असते ती ओळख-डाइव्ह. त्यात प्रशिक्षक आपल्याला धरून नेतो आणि आपण फक्त श्वास घेतो व मासे पाहतो. ते प्रशिक्षण नव्हे. प्रमाणपत्राचा पूर्ण अभ्यासक्रम केलेला असेल तरी पहिल्या काही थंड डाइव्ह येथील क्लबच्या अनुभवी सभासदाबरोबर कराव्यात. ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब ही संस्था १९५३ पासून आहे, तिच्या शाखा गावोगावी आहेत आणि पाण्याबाहेर त्यांच्याइतकी गप्पिष्ट मंडळी इंग्लंडमध्ये विरळा. भारतातून थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांनी परतीच्या विमानाचा विचार आधी करावा: एका डाइव्हनंतर किमान बारा तास आणि एकाहून अधिक केल्या असतील तर किमान अठरा तास विमानप्रवास करू नये.

महाराष्ट्रातील धरणांत किंवा जुन्या खाणींत असे करता येईल का?

हा प्रश्न मला पुणेकर मित्र नेमाने विचारतात आणि मी नेमाने त्यांचा हिरमोड करतो. उजनीच्या पाण्यात गेलेले पळसदेवचे मंदिर पाणी ओसरले की वर येते. ते पाहून आल्यावर "एरवी ते खाली कसे दिसत असेल" असे कोणाच्याही मनात यावे. परंतु जलाशयात बुडालेली झाडे, मासेमारीची सोडून दिलेली जाळी, पाणी ओढून घेणारी दारे हे सारे खाली न दिसता असते. इंग्लंडमधील खाण सुरक्षित वाटते ती तेथे ठरलेली प्रवेशवाट, बचावाची बोट, प्राणवायू आणि चालू-बंदच्या वेळा असतात म्हणून. ही व्यवस्था जेथे नाही, तेथे परवानगीशिवाय आणि हौसेखातर उतरू नये. शिकायचेच असेल तर तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे डायव्हिंग प्रशिक्षण केंद्र आहे. आणि गोव्याच्या समुद्रातही गढूळपणाची चव पुष्कळदा मिळते.

छायाचित्रे येतात का?

जवळच्या वस्तूंची येतात. कॅमेऱ्याचा फ्लॅश भिंगाच्या शेजारी असेल तर मधल्या गाळकणांवर उजेड पडून चित्रात बर्फवृष्टी होते. दिवा लांब बाजूला न्यावा आणि वस्तू हातभर अंतरावर असतानाच टिपावी.

डाइव्ह संपल्यावर काय करावे लागते?

प्रथम गरम पेय प्यावे. हात थरथरत असताना सामान सोडवू नये. नंतर प्रत्येक वस्तू तपासावी, धुवावी आणि पूर्ण वाळवावी. झेब्रा शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले ओल्या बुटांतून एका तलावातून दुसऱ्यात जातात. या शिंपल्यांनी पाणी गाळून उत्तर अमेरिकेतील काही सरोवरे नितळ केली, आणि त्या सरोवरांची अन्नसाखळीही विस्कटली. व्हिज वाढले म्हणून डायव्हर खूश झाले तरी माशांचे खाणे त्याच पाण्यातून गेले. आमच्या घरी वाळवण गॅरेजमध्ये होते. ड्रायसूट उलटा टांगावा, बूट पालथे ठेवावेत, आणि त्यांतून ठिबकणारे हिरवट पाणी टिपण्यासाठी खाली जुने वर्तमानपत्र पसरावे.